राखणदाराची बरगंडी

आमच्या चाळीतल्या बायका काशीला जाऊन आल्या, रामेश्वरला जाऊन आल्या, एक तर मुलीच्या बाळंतपणाला दुबईला जाऊन आली. त्यातल्या एकीनेही ओळ लिहिली नाही. मी लालबागहून निघून परळच्या टॉवरमध्ये जाऊन आले, तर जिन्यात, नळावर, मासळीवालीच्या पाटीसमोर सगळ्या मलाच विचारतात, "इंदूमावशी, वर काय होतं?" सांगून सांगून घसा बसला, म्हणून लिहून काढते आहे. माझी शाळा चौथीपर्यंतची. एवढ्याशा प्रवासाला तेवढी पुरते.

लालबाग

टॉवर आहे तिथे आधी मिल होती. मिलच्या मागच्या अंगाला, रंगखात्याच्या विहिरीपाशी, एक काळा दगड आहे. तो राखणदार. कोकणात जसा गावाला असतो, बागेला असतो, तसा हा मिलचा. देवदिवाळीला त्याला नारळ, विडी आणि दारूची बाटली द्यायची आणि गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे मोठ्या आवाजात त्याच्याशी बोलून वर्षाचं मागणं मागायचं. हे काम भिकादादांचं. ते सायझिंग खात्यात होते, मालवणकडचे, आता ऐंशीच्या पुढे आहेत आणि आमच्याच मजल्यावर राहतात.

संपाच्या वर्षी गेटला कुलूप होतं. तेव्हा मालकाचा जमादार स्वतः बाटली आत घेऊन गेला आणि भिकादादांनी रस्त्यावरून ओरडून गाऱ्हाणं घातलं. त्या वर्षी मालक आणि कामगार यांचं एकमत झालं ते एवढ्या एकाच गोष्टीवर. पुढे मिल बंद पडली. माझा नवरा आंबे राखतो म्हणून गावी गेला आणि तिकडेच मेला. मी इथे खानावळ चालवली, पण जेवणारेही एकेक करून गावी गेले. मग चिमणी पाडली, टॉवर उभा राहिला. दगड तेवढा बिल्डरने हलवला नाही. हलवायला आलेली क्रेन बंद पडली असं आमचे लोक सांगतात. माझ्या मते क्रेनवाला कुडाळचा होता.

तेव्हापासून दरवर्षी भिकादादा आत जायचे. आधी दहा-वीस जण सोबत असत, मग चार, मग कोणीच नाही. यंदा गेटावर नवीन मशीन आलं. वॉचमन त्यात फ्लॅटचा नंबर घालतो, वर फोन वाजतो, वरच्याने हो म्हटलं तरच माणूस आत.

देवदिवाळीच्या आठवडाभर आधी भिकादादा चौकशीला गेले.

"किसके पास जाना है?"

"राखणदाराकडे."

"फ्लॅट नंबर?"

राखणदाराला फ्लॅट नाही. भिकादादा परत आले आणि जिन्यात बसून राहिले. त्यांना त्या गेटातून आत जायला दुसरं निमित्तच नव्हतं. एक वर्ष चुकलं की रीत मोडली, आणि मोडलेल्या रितीसाठी कोणी पुन्हा गेट उघडत नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना घेऊन गेले आणि गेटावर आवाज चढवला. माझा आवाज खानावळीतला आहे, पन्नास माणसांना पंगतीवर बसवणारा. सोसायटीच्या सेक्रेटरी अरोराबाई खाली आल्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "देखिए आंटी, पूजा से प्रॉब्लेम नहीं. पर देसी दारू अंदर नहीं आएगी, और बिना फ्लॅट नंबर के कोई नहीं आएगा."

तेवढ्यात एक मोठी गाडी थांबली आणि तिच्यातून मेहरासाहेब डोकावले. चाळिसाव्या मजल्यावर राहतात आणि परदेशी वाइन विकतात. भांडण ऐकून त्यांना आनंदच झाला. "लोकल देवता? विथ अल्कोहोल? अरे वा! मावशी, देवदिवाळीला संध्याकाळी माझ्याकडे टेस्टिंग आहे. बरगंडी, लाल, हलक्या वर्षाची. तुम्ही या, टेस्ट करा. पसंत पडली तर देवाला बाटली माझ्याकडून."

फ्लॅट नंबरही मिळाला आणि बाटलीही. पण चाळीच्या जिन्यात पोचताच भिकादादा अडून बसले. राखणदाराला काय वाटेल ते चालत नाही. त्याची दारू आधी पारखावी लागते. तीच बाटली नव्हे, ती उष्टी होते. त्याच भट्टीतली दुसरी. आणि गाऱ्हाणं घालणाऱ्याने त्या दिवशी पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही, म्हणजे दादा बाद.

"मग कोणाक धाडूचा?" ते म्हणाले. खालच्या मजल्यावरचे तीन म्हातारे लगेच पुढे आले.

"ह्येंका धाडलंस तर हे विहिरीचा पाणीपण पास करतले," दादा म्हणाले. "इंदू, तू जा. तू पियत नाय, म्हणजे तू खरा सांगशीत."

गिरगाव

न पिणाऱ्या बाईने दारू पारखायची म्हणजे आधी शिकायला हवं. माझ्या बहिणीचा मुलगा वसंता गिरगावात राहतो. जन्मभर मोठ्या हॉटेलच्या बारमध्ये नोकरी केली, आता घरी बसून बायकोला भाजी कशी चिरावी ते सांगतो. मी गेले तेव्हा त्याने कोकमाचं सरबत केलं आणि स्टीलच्या पेल्यात माझ्यासमोर ठेवलं.

"मावशी, आधी रंग बघायचा."

"स्टीलच्या पेल्यात?"

"तिथे काचेचा असेल. आता नुसतं समज. मग पेला गोल फिरवायचा."

मी फिरवला. सरबत भिंतीवरच्या कॅलेंडरवर गेलं. सबंध महिना लाल झाला.

"हळू गं! मग नाक आत घालायचं, वास घ्यायचा. मग एक घोट तोंडात खेळवायचा आणि थुंकायचा."

"थुंकायचा? यजमानाच्या घरात?"

"बादली ठेवलेली असते. तिथे थुंकणारा शहाणा, गिळणारा अडाणी."

आतून त्याची बायको म्हणाली, "हे तीस वर्षं रोज रात्री गिळून यायचे. शहाणपण बहुतेक ड्यूटीवरच ठेवून यायचे."

वसंताने तिकडे लक्ष दिलं नाही. हलकं वर्ष म्हणजे काय ते त्याने मला नीट समजावलं. बरगंडी हा फ्रान्समधला मुलूख. ऊन चांगलं पडलं तर द्राक्षं पिकतात आणि दारू दाट होते, ती वर्षानुवर्षं ठेवून पितात. पाऊस आणि थंडी झाली की द्राक्षं कच्ची राहतात, दारू पातळ, फिकट होते, ती लवकर पिऊन संपवतात. म्हणून बाटलीवर साल लिहितात. एका सालावरून दुसऱ्याचा अंदाज करायचा नाही.

"म्हणजे हापूससारखं," मी म्हटलं.

"तसंच. पण मावशी, हलकी म्हणजे वाईट नव्हे हां. काहींना हलकीच आवडते."

"काहींना झाडाखाली पडलेले आंबेही आवडतात."

निघताना त्याच्या बायकोने वालाचं बिरडं डब्यात दिलं. त्याबद्दल मला काही पारखावं लागलं नाही.

दादर

देवदिवाळीच्या सकाळी फुलं आणायला दादरला गेले. फुलं कौलासाठी. ज्यांना कौल माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, दगडाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर देवाचं हो, डावी पडली तर नाही. निवडणुकीपेक्षा बरं, निकाल तिथल्या तिथे.

फुलवाल्याला म्हटलं, "ताजी पांढरी शेवंती दे, जाड पाकळीची."

"पूजा कसली आहे, आजी?"

"दारूची."

त्याने शेवंती दिली आणि वर दोन फुलं जास्त घातली. म्हणाला, "माझ्या मेव्हण्यासाठीही सांगा."

त्याचा मेव्हणा दारू सोडायला बघतो की विकायला, ते विचारायचं राहिलं.

परळ, खाली

संध्याकाळी भिकादादांनी धुतलेला सदरा घातला, टोपी घातली. नारळ, विड्या, फुलं पिशवीत. शिवाय त्यांनी गावठी दारूची बाटलीही टॉवेलात गुंडाळून घेतली होती. वॉचमनने टॉवेल उलगडला आणि बाटली टेबलाखाली ठेवली. "जाते टाइम ले जाना, चाचा." मग त्याने मेहरासाहेबांचा नंबर मशीनमध्ये घातला, वरून हो आलं, आणि आम्ही दोघं आत.

दादांनी दगडाशी जाऊन हात जोडले. जागा मागच्या कोपऱ्यात आहे, गाड्या तळघरात उतरतात त्या उताराच्या बाजूला. शेजारीच सोसायटीने एक हिरवी पाटी लावली आहे, आग लागली तर सगळ्यांनी इथे जमायचं म्हणून. या कोपऱ्यात गाडी लावायला कोणी तयार नव्हतं, म्हणून पाटी इथे आली.

"चला वर," मी म्हटलं.

"मी जमिनीवर काम केलंय. वरती जावक मेल्यावर टायम आसा." मग त्यांनी खिशातून काडेपेटी काढून माझ्या हातात दिली. "ह्या इसरा नको."

ही आमच्याकडची शेवटची परीक्षा. दारू बशीत ओतून काडी लावायची. निळी पेटली तर खरी. नाही पेटली तर तिच्यात पाणी आहे, आणि आणणाऱ्याने गावासमोर मान खाली घालायची. काडेपेटी मी ब्लाउजमध्ये ठेवली आणि लिफ्टमध्ये शिरले. लिफ्ट इतकी गुपचूप वर जाते की मला वाटलं बंदच आहे. दार उघडलं तेव्हा मी चाळिसाव्या मजल्यावर होते आणि माझे कान खालीच राहिले होते.

परळ, वर

वरून आमची चाळ दिसते. काडेपेटीएवढी. गच्चीवर कोणीतरी गोधडी वाळत घातली होती आणि संध्याकाळ झाली तरी काढली नव्हती. कोणाची ते मला कळलं, परत येऊन तिला सांगितलंही.

पंधरा-वीस पाहुणे होते. सगळे उभे. खुर्च्या होत्या, पण त्या बसायच्या नव्हत्या. मी बसले. खायला चीज होतं, त्यातल्या एकाला निळी बुरशी आली होती. आमच्याकडे बुरशी आली की टाकतात. तिथे तेच आधी संपलं.

प्रत्येकासमोर दोन काचेचे पेले. एकात दाट सालाची बरगंडी, दुसऱ्यात हलक्या. मेहरासाहेब हळू आवाजात सांगत होते आणि सगळे मयताला आल्यासारखे मान हलवत होते. मग सगळ्यांनी पेले फिरवले, नाकं आत घातली, घोट घेतले आणि एकामागून एक चांदीच्या बादलीत थुंकले. चांगले शिकलेले, अत्तर लावलेले लोक. आमच्या जिन्यात कोणी थुंकलं तर मी केरसुणी घेऊन धावते. इथे थुंकून झाल्यावर म्हणत होते, "ब्यूटिफुल."

मी दाट पेला बाजूला ठेवला, देवाला तो नव्हता. हलका उचलला. रंग दुसऱ्या पाण्याच्या कोकमासारखा, पेल्यातून पलीकडचं माझं बोट दिसत होतं. वास चांगला होता, करवंदांचा आणि खाली जरा ओल्या पाचोळ्याचा. घोट घेतला. आधी आंबट, मग जरा गोडसर, मग जिभेच्या कडेला तुरट, आणि नीट बघावं तर गेलेली. पाहुणी दारातून आत आली, बरी आहेस ना म्हणाली आणि न बसता निघाली, तशी. मी थुंकले नाही. अन्न आहे.

पाहुण्यांत दोन तट पडले. एक जाड चष्म्याचे गृहस्थ म्हणत होते, पातळ आहे, दम नाही. एक बाई म्हणत होत्या, नाजूक आहे, तुम्हाला कळत नाही. दोघं इतके तावातावाने बोलत होते की मला संपाच्या वेळच्या सभा आठवल्या. तिथेही कोणी कोणाचं ऐकत नव्हतं, पण तिथे निदान चहा असे.

"मावशी," मेहरासाहेब म्हणाले, "आपका फैसला?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"चव वाईट नाही," मी म्हटलं. "पण अजून परीक्षा राहिली आहे."

मी चीजची रिकामी बशी ओढली, कागदी रुमालावर ठेवली, तिच्यात वाइन ओतली आणि काडेपेटी काढली. कोणाला काही कळायच्या आत काडी ओढून बशीला लावली. फुस्स. दुसरी लावली. फुस्स.

"पाणी घातलंय," मी म्हटलं.

फिरणारे पेले जागच्या जागी थांबले. मेहरासाहेबांचा चेहरा बशीतल्या वाइनपेक्षा फिकट झाला. चष्मेवाले गृहस्थ म्हणाले, "आय टोल्ड यू."

"मावशी, वाइन पेटत नाही! कुठलीच पेटत नाही!"

"मग ती दारू कशाची?" असं म्हणून मी तिसरी काडी ओढली. ती मोडली आणि जळतं टोक कागदी रुमालावर पडलं. रुमालाने पेट घेतला, शेजारचे रुमालही पेटले. माझ्या हातात पेला होता, तो मी ओतला. आग विझली. दारूने आग विझलेली मी जन्मात पहिल्यांदा पाहिली. पण धूर झालाच, आणि छतातून अशी शिटी वाजायला लागली की मिलचा भोंगा बरा.

परळ, पुन्हा खाली

भोंगा वाजला की लिफ्ट बंद होतात. चाळीस मजले जिन्याने. प्रवासवर्णनात चढण लिहितात, मी उतरण लिहिते. अत्तरवाल्या बायकांनी चपला हातात घेतल्या. मेहरासाहेबांनी दोन बाटल्या कुशीत घेतल्या, एक फोडलेली, एक बंद, जशी पुरात लोक पोरं घेतात. वाटेत मजल्यामजल्यावरून आणखी माणसं निघत होती. एकाच जिन्यावर राहून त्यांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नव्हतं, माझ्यासमोर ओळखी करून घेत होते. माझे गुडघे बोलायला लागले की मी बसायची, आणि माझ्यामागे सगळा टॉवर थांबायचा. चष्मेवाल्यांनी मला हात दिला. माणूस चांगला, दारूच्या बाबतीत जरा कडक.

खाली पोचलो तर सगळे शिस्तीत हिरव्या पाटीपाशी जमत होते. म्हणजे राखणदारापुढे. भिकादादा दगडाशेजारी टोपी सारखी करत उभे होते. दरवर्षी एकटे असतात, आणि आता समोर एवढी माणसं. त्यांनी मला विचारलं, "इंदू, ह्या सगळ्यांका तू आणलंस?"

"तसंच म्हणायचं," मी म्हटलं.

अरोराबाई आल्या, आग नाही याची खात्री केली, बंबवाल्यांना फोन करून नको म्हणाल्या आणि मग माझ्याकडे बघितलं. मी काही बोलायच्या आत दादांनी विचारलं, "पेटली?"

"नाही पेटली. चव आहे, आग नाही."

दादांनी टोपी पुढे ओढली. मग म्हणाले, "तर मग त्येकाच इचारूया."

बंद बाटली उघडून दगडापुढे ठेवली. नारळ, विड्या ठेवल्या. पाकळ्या ओल्या करून चिकटवल्या. दादांनी आवाज लावला, आणि मला कळलं की संपाच्या वर्षी तो रस्त्यावरून विहिरीपर्यंत कसा पोचला होता.

"बा राखणदारा म्हाराजा! आज तुझ्या जाग्यार तुझी लेकरां जमली हत, कोण मिलवाली, कोण टॉवरवाली!"

"व्हय म्हाराजा!" मी एकटीच म्हणाले. प्रत्येक मागण्यावर असं म्हणायचं असतं. मागे वळून डोळे वटारले.

"तुझी नेहमीची बाटली गेटार अडवल्यानी! म्हणान फ्रान्स देशातली ही तांबडी तुझ्या पायांकडे ठेवलंव हा!"

"व्हय म्हाराजा!" आता पाच-सहा आवाज आले. मेहरासाहेबांचा सगळ्यात मोठा.

"ह्येंची लिफ्ट वर-खाली चलांदे!"

"व्हय म्हाराजा!" सगळा टॉवर.

"आनी ह्या दारातसून आमका वर्षाच्या वर्षाक येवक गावांदे! ही बाटली तुका पटली तर तुझो उजवो कौल दी!"

सगळे दगडाच्या जवळ सरकले. डावी पाकळी पडली.

कोणाला सांगावं लागलं नाही. दादांच्या तोंडाकडे बघूनच कळलं. अरोराबाई हळूच घड्याळाकडे बघायला लागल्या. पण मेहरासाहेब दगडापुढे गुडघ्यांवर बसले. "नाही नाही, ही आत्ताच उघडली आहे! वाइनला श्वास घ्यायला वेळ द्यावा लागतो. दादा, थोडं थांबून पुन्हा विचारा. प्लीज."

"देवाक थांबवूचा?"

"देवाला नाही. वाइनला."

हे दादांना पटलं. शिळा-ताजा प्रकार त्यांनाही मान्य आहे. मग आम्ही सगळे कडेला बसलो आणि एका बाटलीचा श्वास होण्याची वाट बघितली. चष्मेवाल्यांनी दादांना सायझिंग म्हणजे काय ते विचारलं. दादांनी सांगितलं, सुताला खळ लावायची, नाहीतर मागावर तुटतं. आणि सायझिंग खातं कुठे होतं तेही बोटाने दाखवलं. तिथे आता पोहण्याचा तलाव आहे.

पुन्हा पाकळ्या लावल्या. या वेळी उजवी पडली.

मेहरासाहेबांनी चष्मेवाल्यांना मिठी मारली. "ओपन अप झाली! मी म्हणत होतो!" दादा मला हळूच म्हणाले, "पाकळी सुकली गो." मी म्हटलं, गप्प बसा.

आणि मग अरोराबाई हसून म्हणाल्या, "बहुत अच्छा. तो अब सब क्लिअर है. अगले साल से सोसायटी खुद एक बॉटल रख देगी. चाचाजी को इतनी तकलीफ क्यों?"

दादा खाली वाकले. नारळाच्या शेंड्या गोळा करायला लागले, त्या गोळा करायच्या नसतातच. मला वसंताचं कॅलेंडर आठवलं, लाल झालेलं, आणि त्याने समजावलेली सालांची गोष्ट.

"मेहरासाहेब," मी म्हटलं, "पुढच्या वर्षी हीच बाटली?"

"हीच? कशी मिळणार? पुढच्या वर्षी दुसरं साल असेल."

"ते असंच हलकं?"

"कोण सांगणार! मावशी, तीच तर बरगंडीची गंमत आहे. दर साल वेगळं. एकदाचा निर्णय दुसऱ्याला लावायचाच नसतो. दरवेळी नव्याने टेस्ट, नव्याने फैसला!"

"ऐकलंत?" मी अरोराबाईंना म्हटलं. "दर सालचा कौल वेगळा. तो विचारणार कोण? तुम्ही?"

अरोराबाईंनी दगडाकडे बघितलं, मग बंद पडलेल्या लिफ्टकडे. मागून सगळा टॉवर म्हणाला, "व्हय म्हाराजा!" त्यांना सवय लागली होती.

त्या आमच्याबरोबर गेटापर्यंत आल्या आणि वॉचमनला म्हणाल्या, मशीनमध्ये नवीन नाव घाल, राखणदार. वॉचमनने घातलं. मग म्हणाला, "मॅडम, फोन किधर बजेगा?"

"बेसमेंट के केबिन में लगा दो. वहाँ कोई नहीं रहता."

"पर उठाएगा कौन?"

अरोराबाईंनी विचार केला. "कोई नहीं उठाए तो इनको अंदर छोड़ देना."

भिकादादांनी टेबलाखालची आपली बाटली घेतली, टॉवेलात गुंडाळली, आणि वॉचमनच्या खांद्यावर हात ठेवला.

"आनी कोणी उचलल्यान तर?"

वॉचमनचा हात मशीनवरून निघाला.

"तर मालवणीत बोल," दादा म्हणाले, आणि आम्ही घरी आलो.